साक्षीचा खडा

माकुळीच्या डोक्यात दोन खडे असतात. माझ्या डोक्यात नुसते दगड भरलेत असं दादा म्हणायचा, आणि चाळीस वर्षं मी ते हसण्यावारी नेलं.

माकूळ म्हणजे समुद्रातला तो मऊ अंगाचा, दहा हातांचा प्राणी. घाबरला की शाई सोडतो आणि उलटा पळतो. आमची माकूळ उष्ण समुद्रातली, किनाऱ्यालगत उथळ पाण्यात, प्रवाळाच्या आसपास राहणारी. ‘आमची’ म्हणते, कारण आमच्या घरात जेवताना, पाहुण्यांसमोर आणि पाहुणे गेल्यावरही दुसरा विषय नसायचा. तिच्या अंगाला दोन्ही बाजूंनी झालर असते, ती हलवत ती एका जागी तरंगत राहते. रंग बदलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. नर तर एका कुशीवर मादीसाठी शांत रंग ठेवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या कुशीवर शेजारच्या नराला धमकी दाखवतो. दोघांनाही आपापलीच बाजू दिसते. तरुणपणी मला याचं फार नवल वाटायचं, आता वाटत नाही.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. समुद्री जीवांच्या एका छोट्या संशोधन केंद्राचा तो प्रमुख. वय झालं तरी मुदतवाढीवर मुदतवाढ घेत खुर्चीला चिकटलेला. तिशीत असताना त्याने माकुळीवर पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव झालं. त्याआधी मच्छीमार सांगायचे की या माकुळी दोन जातींच्या आहेत, एक हातभर लांब आणि एक वीतभर. दादाने पुस्तकात मांडलं की जात एकच आहे, वीतभर दिसतात ती मोठ्यांची तीन महिन्यांची पिल्लं. काही वीतभर माद्यांच्या पोटात अंडी सापडली होती. त्याला त्याने ‘अकाली प्रौढत्व’ असं भारदस्त नाव दिलं आणि प्रश्न मिटवला. शाळेच्या पुस्तकात त्याचा फोटो आला. नियमही झाला की जाळ्यात वीतभर माकूळ आली तर परत सोडायची, म्हणजे ती मोठी होईल. मच्छीमार हसायचे आणि सोडून द्यायचे.

त्या पुस्तकातली एकूण एक चित्रं माझी. आई-बाबा पाठोपाठ गेले तेव्हा मी अठराची होते. शिक्षण तिथेच थांबलं, पण हात चांगला होता, म्हणून दादाने मला केंद्रात चित्रं काढायला लावून घेतलं. चित्राखाली सही करायची नाही, शास्त्राच्या पुस्तकात ते बरं दिसत नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. पुढे वहिनी गेली, तिची चार वर्षांची पोर माझ्या पदरात आली आणि माझं लग्न राहून गेलं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. पगार होता, घर होतं, भाची आत्तू आत्तू करत गळ्यात पडायची. अठ्ठावन्नाव्या वर्षीही दादा मला ‘बारकी’ म्हणायचा, आणि मला ते गोड लागायचं.

खडे मोजायला मी शिकले पंचेचाळिशीनंतर. केंद्रात नवं यंत्र आलं होतं, ते धूळ खात पडू नये म्हणून दादाने मला समोर बसवून शिकवलं.

“डोळ्यांच्या मागे दोन पोकळ्या असतात, बारके. प्रत्येकीत खसखशीएवढा एक खडा. त्याच्यामुळे तिला वर काय नि खाली काय ते कळतं. रोज त्या खड्यावर एक वर्तुळ चढतं. घासून पातळ कर आणि मोज. जितकी वर्तुळं, तितके दिवस.” मग दारातून मागे वळून म्हणाला, “आणि डोकी स्पिरिटमध्येच ठेव. फॉर्मालिनमध्ये टाकलीस तर खडे विरघळून जातील. मग बस बोंबलत.”

आमच्याकडे आणखी एक जुनी शिस्त होती. दोन खड्यांपैकी एक मोजणाऱ्याने काढून घ्यायचा, दुसरा डोक्यातच राहू द्यायचा. तो साक्षीचा. उद्या कुणी शंका घेतली तर त्याने स्वतःच्या हाताने डोकं उघडावं आणि मोजून बघावं.

पहिल्या वीतभर मादीच्या खड्यावर मी एकशे एकाहत्तर वर्तुळं मोजली. यायला हवी होती नव्वदच्या आसपास. वाटलं, चुकले. चहा पिऊन आले, पुन्हा मोजली, तितकीच. दुसरीची एकशे चौसष्ट. तिसरीची एकशे ऐंशी. मग हातभर लांबीच्यांचे खडे काढले, त्यांचीही एकशे सत्तर, एकशे अठ्ठावन्न. दोघींचं वय एकच, सहा महिन्यांच्या आतबाहेर. त्यानंतर अंडी घालायची आणि पिल्लांची तोंडं न बघता मरून जायचं. म्हणजे वीतभर माकूळ कुणाचं पिल्लू नव्हती. ती पुरती वाढलेली, आपलं आयुष्य जगून झालेली बाई होती. आम्ही इतकी वर्षं आज्यांना ‘मोठ्या व्हा’ म्हणून पाण्यात परत सोडत होतो.

मग मी त्यांची अंडी शोधली. मोठी माकूळ समुद्री गवताला, बुडालेल्या काटक्यांना पांढऱ्या शेंगांचे घोस चिकटवते आणि प्रत्येक शेंगेत सहा-सात अंडी असतात. वीतभर मादीच्या शेंगा प्रवाळाच्या खालच्या अंगाला, कपारीत लपवलेल्या मिळाल्या. प्रत्येक शेंगेत मोजून दोन. ओहोटीला गुडघे सोलून घेत मी त्या शेंगा काढल्या आणि त्यांची चित्रं रंगवली. आयुष्यात कशासाठी एवढी खूश झाले असेन असं मला आठवत नाही.

दादाला आकडे दाखवले. त्याने बराच वेळ कागद बघितले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “पन्नाशी आली की डोळ्यांसमोर वर्तुळंच दिसतात, बारके.” तो हसला. मीही हसले. “अजून नमुने जमव. घाई नको.”

मी जमवले. काही वर्षांत बेचाळीस झाले. बेचाळीस बरण्या, प्रत्येकीत स्पिरिटमध्ये एक डोकं आणि डोक्यात साक्षीचा एक खडा. त्यानंतर किनाऱ्यावर नवा धक्का बांधला. ज्या प्रवाळावर त्या वीतभर माकुळी अंडी घालायच्या ते सगळं दगड-सिमेंटखाली गेलं. चार वर्षांत कुणाच्या जाळ्यात एकही आली नाही. आता त्यांचं जगात जे काही उरलं होतं ते माझ्या कपाटात होतं.

दादाने पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. मी म्हटलं, “दादा, वीतभर माकुळीचं प्रकरण आता बदलायला हवं.”

“बघू,” तो म्हणाला.

त्याचं ‘बघू’ मला लहानपणापासून पाठ आहे. बाहुली हवी होती तेव्हा बघू, कॉलेजला जायचं होतं तेव्हा बघू. म्हणून जन्मात पहिल्यांदा मी त्याला न विचारता एक पत्र लिहिलं. माकुळींच्या जाती ठरवण्यात ज्यांचा शब्द शेवटचा मानतात अशा एक बाई आहेत, त्यांना. माझी वर्तुळं, माझी चित्रं, सगळं पाठवलं. बाईंचं उत्तर आलं ते मात्र रीतीप्रमाणे केंद्राच्या प्रमुखाच्या नावाने, आणि दादाने ते घरी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं.

“लिहितायत, तीन महिन्यांनी स्वतः येतील. साक्षीचे खडे जुळले तर ही नवी जात ठरेल आणि ती शोधणारी म्हणून तुझं नाव लागेल.” चष्म्यावरून त्याने माझ्याकडे बघितलं. “अरे वा. आमची बारकी शास्त्रज्ञ होणार.”

“तुला राग नाही ना आला?”

“राग कसला? नाव घरातच राहतंय की.” त्याने चहाचा घोट घेतला. “साक्षीचे खडे सगळे बरण्यांतच आहेत ना? आणखी कुठे नाहीत?”

“बरण्यांतच. बेचाळीस.”

“जप,” तो म्हणाला.

मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. चित्राखाली न केलेली सही मी जुन्या वहीच्या मागच्या पानावर करून बघितली. वेडीवाकडी आली. सवयच नव्हती.

त्याच सुमारास भाचीचे दिवस भरत आले. ती राहते लांब, रात्रभराचा प्रवास. दादा म्हणाला, “तूच जा. तिला आई नाही. बाई यायला अजून वेळ आहे आणि केंद्र काही पळून जात नाही.” मलाही जायचंच होतं. अडीच महिने मी तिथे राहिले, बाळाला न्हाऊमाखू घातलं, तिला चार घास करून घातले आणि बाई यायच्या आदल्या दिवशी परतले.

कपाट उघडून बघते तर बरण्या लखलखत होत्या. आतलं पाणी नितळ, झाकणांवर ताजं मेण.

“पिवळं पडलं होतं सगळं,” दादा मागून म्हणाला. “ओतून टाकलं, ताजं भरलं. पाहुण्यांसमोर शोभायला नको?”

चाळीस वर्षांत दादाने स्वतः एका बरणीला हात लावलेला मी बघितला नव्हता. ते काम आधी मामाचं, म्हणजे आमच्या जुन्या शिपायाचं, आणि तो निवृत्त झाल्यावर माझं. दादाने माझ्यासाठी बेचाळीस बरण्या धुतल्या, भरल्या, मेण लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आज ते सांगायची लाज वाटते, पण आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या बाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, पायात साध्या चपला. मी काढलेल्या खड्यांच्या काचपट्ट्या त्यांनी सकाळभर सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या आणि मान हलवली. मग म्हणाल्या, “आता साक्ष काढू या.”

मी पहिल्या बरणीचं मेण खरवडलं, झाकण फिरवलं आणि वास नाकात घुसला. स्पिरिटचा वास गोडसर असतो, डोक्यात चढतो. हा तसा नव्हता. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

“हे स्पिरिट नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही,” मी म्हणाले.

बरणीच्या सगळ्यांत जवळ दादा उभा होता. त्याने आम्हा दोघींकडे बघत विचारलं, “काय झालं?”

तरीही मी डोकं बाहेर काढलं, कूर्चा कापली, पोकळी उघडली. खडा नव्हता. पांढरट गाळ होता, सुईच्या टोकावर येईल एवढा. दुसऱ्या बरणीत तेच. तिसऱ्या बरणीत तेवढंही नव्हतं. मी एकामागून एक उघडत सुटले. नवव्या बरणीला बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“पुरे करा,” त्या म्हणाल्या. “स्पिरिटमध्ये असती तर नुसत्या मांसावरूनही जात तपासता आली असती. आता तेही होणार नाही. ताजे नमुने मिळतील?”

मी खिडकीकडे बोट दाखवलं. धक्क्यावर मालाचे ट्रक उभे होते.

“तुमची मोजणी चोख आहे,” बाई म्हणाल्या. “माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण काचपट्टीवरचा खडा कुठल्या जनावराचा, हे फक्त तुमच्या हातची चिठ्ठी सांगते. साक्षीला काही उरलं नाही. मी एकटीने खरं मानून भागत नाही.”

त्या संध्याकाळच्याच गाडीने गेल्या. घरी आल्यावर मी दादाला विचारलं, “कुठल्या कॅनमधून भरलंस?”

टेबलाखाली दोन कॅन असायचे, दोन्ही पांढरे, दोन्ही सारख्या मापाचे. त्यांच्यावर नाव कुणी लिहिलं नव्हतं. झाकण किंचित सैल केलं की कळायचं, मग लिहायचं कशाला? मामाचं नाक फॉर्मालिनने शेवटी शेवटी इतकं मेलं होतं की त्याला सडकी मासळी आणि साबण एकच. तो मला हाक मारून वास घ्यायला लावायचा. तो गेल्यावर कॅन हाताळणारी मी एकटीच होते.

“डावीकडच्या,” दादा म्हणाला. “स्पिरिट डावीकडे ठेवतेस ना?”

“उजवीकडे. वास नाही आला तुला?”

तो हळू आवाजात म्हणाला, “तुला कधी बोललो नाही, बारके. माझं नाक मेलंय. सात-आठ वर्षं झाली. मामाचं गेलं तसंच. प्रमुखालाच वास येत नाही, हे कुणाला तोंड वर करून सांगू? डोळ्यांना झोंबलं, पण म्हटलं म्हातारपण, झोंबायचंच.” त्याने दोन्ही हातांत तोंड झाकलं. “तुझं सगळं मातीत घातलं मी.”

आई गेली तेव्हाही न रडलेला माणूस माझ्यासमोर खांदे हलवत बसला होता. काय करणार? माझं काळीज दगडाचं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. आपल्यालाच शिव्या दिल्या. कॅनवर चार अक्षरं लिहायला काय हात मोडले होते माझे? समजूत मीच काढली त्याची, आणि जेवायलाही मीच बसवलं.

दोन दिवसांनी तो म्हणाला, “बाईंना रीतसर कळवायला हवं. नाहीतर केंद्राच्या नावाला बट्टा लागेल. तुझ्याकडून गेलं तर बरं.” मजकूर त्याने सांगितला, मी लिहिला: द्रव ओळखण्याची खूण न ठेवल्यामुळे नमुने खराब झाले, जबाबदारी सर्वस्वी माझी आहे, माझा दावा मी मागे घेते. खाली सही केली. चाळीस वर्षांत माझ्या सहीचा केंद्रातून रीतसर बाहेर गेलेला तो पहिला कागद. या वेळी सही सरळ आली.

बाईंनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं. वाईट वाटलं, असं लिहिलं होतं. विषय संपला.

पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली. वीतभर माकुळीचं प्रकरण तसंच, अकाली प्रौढत्वासकट. दोन-दोन अंड्यांच्या शेंगांचं माझं चित्रही त्यात होतं. खाली लिहिलं होतं, ‘कोवळ्या वयातील मादीची अपुरी अंडी’. सुरुवातीला आभार होते: चित्रांसाठी माझ्या धाकट्या बहिणीचे. नाव नव्हतं, नातं होतं. मला वाईट वाटलं, पण दादाचा राग आला नाही. चूक माझ्या कॅनची, असंच मी धरून चालले होते. उलट घरात मी त्याला जपायला लागले. ताटात वाढताना सांगायचे, हे आजचं ताजं आहे, ते कालचं आहे. त्याला वास येत नाही ना, चुकून आंबलेलं खाईल.

परवाची गोष्ट. रविवार होता, सकाळचे आठ वाजले असतील. दादा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून पुस्तकावर आलेली पत्रं वाचत होता. मधे एक खोली, मग स्वयंपाकघर. मी दूध तापत ठेवलं होतं आणि नळ सोडून, पाठमोरी उभी राहून भांडी घासत होते. दूध उतू गेलं नाही, आवाज झाला नाही. नुसतं तळाला लागायला सुरुवात झाली असणार, कारण मलाही अजून काही कळलं नव्हतं.

“बारके,” बाहेरून दादाची हाक आली, “दूध लागतंय बघ. वास येतोय.”

मी नळ बंद केला. मग गॅस बंद केला. पातेल्यात डाव फिरवला तर तळाचा तपकिरी पापुद्रा वर आला. हातातला डाव तसाच धरून मी उभी राहिले. ‘आणखी कुठे नाहीत?’ ‘तूच जा, तिला आई नाही.’ झाकणांवरचं ताजं मेण. त्याचे ते हलणारे खांदे, आणि त्यांवरून फिरणारा माझा हात. सगळ्यात जास्त मला त्या हाताची शिसारी आली.

बाहेर पत्रांची सळसळ थांबली होती. आपण काय बोलून गेलो ते त्यालाही कळलं असावं.

मी त्याच दुधाचा चहा केला. पापुद्रे गाळले नाहीत. कप भरून बाहेर नेला आणि त्याच्या हातात दिला. त्याने वर बघितलं. चेहरा पांढरा पडला होता.

“लागलं होतं ना दूध?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “तुला भास झाला असेल. तुझं नाक मेलंय ना, दादा.”

समोरची खुर्ची ओढून मी बसले. करपल्याचा वास आता घरभर झाला होता. दादाने एकदा कपाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि कप तोंडाला लावला. तो चहा तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही.